ध्वनिलहरी वस्तू हलवू शकतात का? विद्यार्थी-प्रयोगाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विज्ञान प्रकल्पांचे दिवस आले की हा विषय हमखास कुणीतरी निवडतं. सामान घरातलंच लागतं, निकाल डोळ्यांना दिसतो आणि बघणारेही थांबून बघतात. पण ‘हललं!’ म्हणणं सोपं आहे, ‘आवाजानेच हललं’ हे दाखवणं अवघड. मुलांना प्रकल्पासाठी मदत करताना माझा बहुतेक वेळ या दुसऱ्या वाक्यावरच जातो. खालच्या उत्तरांतही तेच जास्त सापडेल.

ध्वनी खरोखर वस्तू हलवतो का?

हो. हे वाक्य कुणी मोठ्याने वाचून दाखवलं तर तुमच्या कानाचा पडदा हलेल. अगदी कसाबसा ऐकू येणारा आवाज तो पडदा अणूच्या व्यासाहूनही कमी अंतराने हलवतो आणि तरी आपल्याला ऐकू येतं. माइकमधला पडदाही असाच हलतो. फुगा दोन्ही तळव्यांत हलकेच धरून त्याच्याजवळ तोंड नेऊन ‘ऊऽऽ’ म्हणा, बोटांना थरथर जाणवेल.

तेव्हा ‘हलवतो का’ एवढाच प्रश्न घेऊन प्रकल्प पुढे जात नाही. कोणती वस्तू, किती आणि कोणत्या वारंवारतेला (म्हणजे सेकंदाला किती कंपनं, हर्ट्झमध्ये) हलते, आणि ती जागच्या जागी थरथरते की एका दिशेने सरकते, हे विचारा. थरथरणं आणि सरकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेक अहवालांत त्यांची गल्लत झालेली असते.

मग मोठ्याने बोललं तरी समोरचा कागद का उडत नाही?

आकडे पाहू. एक मीटरवरून साधं बोलणं साधारण ६० डेसिबल भरतं. त्यात हवेचा दाब सुमारे ०.०२ पास्कलने कमी-जास्त होतो. वातावरणाचा दाब आहे सुमारे १ लाख पास्कल, म्हणजे हा फरक ५० लाखांत एक भाग इतकाच.

शिवाय ध्वनी नुसता ढकलत नाही, तो ढकलतो आणि ओढतोही. २०० हर्ट्झचा आवाज कागदाला सेकंदाला २०० वेळा पुढे रेटतो आणि २०० वेळा मागे खेचतो. शेवटी जमाखर्च जवळजवळ शून्य. जवळजवळ म्हणण्याचं कारण असं, की एक अगदी बारीक एकतर्फी रेटा उरतो. त्याला ध्वनीचा प्रारणदाब म्हणतात. कान दुखवणाऱ्या १२० डेसिबललाही तो काही हजारांश पास्कलच असतो. छपाईचा साधा कागद, ८० ग्रॅम प्रति चौरस मीटरचा, हवेत तोलून धरायचा तर खालून सुमारे ०.८ पास्कल इतका सतत रेटा हवा. शंभराहून अधिक पटींचं अंतर आहे हे. त्यामुळे स्पीकरसमोर कागद भुर्रकन उडाला तर आनंद होण्याआधी शंका यायला हवी.

सुरुवात कोणत्या प्रयोगाने करावी?

वाडग्यावर ताणलेल्या पडद्याने. साधारण २० सेंटिमीटर तोंडाचा वाडगा घ्या. त्यावर पातळ प्लास्टिकचा पापुद्रा किंवा कापलेल्या फुग्याचं रबर ढोलकीच्या पुडीसारखं ताणून बसवा आणि कडेला रबरबँड लावा. वर कोरडं, बारीक मीठ चिमूटभर भुरभुरा, दाणे एकमेकांवर चढणार नाहीत इतकंच. स्पीकर वाडग्यापासून वीतभर अंतरावर, पण वाडग्याला न टेकवता ठेवा.

गाणं लावू नका. गाण्यात एकाच वेळी अनेक वारंवारता असतात, कोणतीने काय केलं ते कळत नाही. मोबाइलवर एकच सूर देणारं टोन जनरेटर ॲप घ्या. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठात तयार झालेलं फायफॉक्स हे ॲप मोफत आहे आणि त्यात ही सोय आहे. ५० हर्ट्झपासून सुरुवात करा आणि ५-५ हर्ट्झने सावकाश वर चढा.

बराच वेळ काहीच होत नाही. मीठ मख्ख बसलेलं असतं. मग एखाद्या आकड्याला मधले दोन-चार दाणे चुळबुळ करतात आणि पुढच्या पायरीला अख्खा पडदा उकळायला लागल्यासारखा दिसतो. अजून १० हर्ट्झ वर गेलं की पुन्हा शांत. हे पहिल्यांदा पाहणाऱ्या मुलाचा चेहरा पाहण्यासारखा असतो.

ठराविक वारंवारतेलाच का हलतं? आवाज तर तेवढाच आहे.

अनुनाद. झोपाळ्याला त्याच्या लयीत हलके हलके धक्के दिले की तो उंच जातो, अवेळी कितीही जोर लावला तरी जात नाही. ताणलेल्या पडद्यालाही स्वतःची लय असते. पडदा जास्त ताणला की ती वर जाते, वाडगा मोठा घेतला की खाली येते. ही दोन वाक्यं म्हणजे दोन आयती गृहीतकं आहेत. प्रकल्पाला आणखी काही नको असेल तर एवढीही पुरतात.

आता मला फार आवडणारा हिशोब. पडदा खाली जाताना दाण्याच्या पडण्याहून वेगाने गेला, तरच दाणा पडद्यापासून सुटतो. म्हणजे पडद्याचं त्वरण गुरुत्वीय त्वरणापेक्षा, ९.८ मीटर प्रति सेकंद वर्गापेक्षा, जास्त हवं. २०० हर्ट्झला यासाठी पडदा मधल्या स्थितीपासून फक्त ६ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारांश भाग) हलला तरी पुरतं. माणसाचा केस याच्या दसपट तरी जाड असतो. १०० हर्ट्झला २५ मायक्रॉन लागतात, ५० हर्ट्झला १०० च्या आसपास. डोळ्यांना पडदा स्तब्ध दिसतो आणि मीठ मात्र नाचतं, ते यामुळे. दाणा जड की हलका याचा या अटीशी संबंध नाही, हेही मुलांना पटवून द्यावं लागतं. (फार बारीक भुकटी मात्र पडद्याला चिकटते, म्हणून तिचं गणित निराळं.)

मीठ नाचलं. म्हणजे सिद्ध झालं ना?

नाही. या उत्तरासाठीच हे पान लिहिलं आहे, तेव्हा थोडं सविस्तर लिहितो.

मीठ किंवा कागदाचे कपटे हलवायला तीन जण तयार बसलेले असतात. हवेतून आलेला ध्वनी, स्पीकरच्या तोंडातून येणारा वारा आणि टेबलातून पोचलेली थरथर. बघणाऱ्याला तिघांचं काम सारखंच दिसतं.

एकदा दोन मुली कागदाच्या कपट्यांचा प्रयोग घेऊन आल्या होत्या. स्पीकर चालू केला की कपटे एका बाजूला सरकायचे, दर वेळी, न चुकता. वहीत तीन पानं भरून नोंदी होत्या. मी स्पीकरच्या मागच्या बाजूला हात धरला. तिथे बास वाढवणारं गोल भोक होतं आणि त्यातून हवेचे झोत तळव्यावर लागत होते. कपटे नेमके त्या भोकासमोर होते. आम्ही स्पीकर आणि कपट्यांच्या मध्ये एका चौकटीवर पातळ प्लास्टिक ताणून उभं केलं. आवाज पहिल्याइतकाच ऐकू येत होता, कपटे जागचे हलले नाहीत.

मुली हिरमुसल्या. पण त्यांनी ती तीन पानं फाडली नाहीत. त्यांनी प्रकल्पाचं नावच बदललं आणि आवाज व वारा वेगळे कसे करायचे यावर पुढचं सगळं काम उभं केलं. मी पाहिलेल्या प्रकल्पांत तो माझ्या सर्वाधिक लक्षात राहिलेला आहे.

तेव्हा या चाचण्या कराच. वाऱ्यासाठी मध्ये प्लास्टिकचा पडदा: कमी वारंवारतेचा ध्वनी त्यातून बऱ्यापैकी आरपार जातो, वारा अडतो. टेबलासाठी स्पीकर वेगळ्या टेबलावर किंवा स्टुलावर, आणि वाडग्याखाली जाड स्पंज. त्यानंतरही मीठ नाचलं तर उरतो हवेतून येणारा ध्वनी. एक उलट चाचणीही करा: स्पीकर टेबलावरच ठेवा आणि मीठ पडद्याऐवजी थेट टेबलावर टाका. ते हललं तर टेबल किती कंप नेतं ते कळेल. शिवाय स्पीकर चालू पण सूर बंद, अशी एक नोंद. ही साधी नोंद बहुतेक जण विसरतात.

मिठाची नक्षी का तयार होते?

पडदा सगळीकडे सारखा हलत नाही. काही रेषांवर तो जवळजवळ स्थिर असतो, त्यांना निस्पंद रेषा म्हणतात. जिथे जोरात हलतं तिथून दाणे उडून पडतात, आणि उडत-पडत एकदा शांत रेषेवर आले की तिथेच बसतात. रॉबर्ट हूकने १६८० मध्ये काचेवर पीठ टाकून असे आकार पाहिले होते. अर्न्स्ट क्लाडनी या जर्मन शास्त्रज्ञाने धातूच्या पट्टीच्या कडेवर व्हायोलिनचा गज फिरवून ते पद्धतशीर काढले आणि १७८७ मध्ये प्रसिद्ध केले. हे आकार गणिताने समजावून देणाऱ्याला फ्रान्समध्ये बक्षीस जाहीर झालं, ते १८१६ मध्ये सोफी जर्मेन या गणितज्ञ बाईंना मिळालं.

जमलं तर एक गंमत करून पाहा. मिठासोबत अगदी तलम भुकटी मिसळा. कडक पट्टीवर मीठ शांत रेषांकडे जातं, पण भुकटी उलट, सर्वांत जोरात हलणाऱ्या जागी ढीग करते. पट्टीलगतच्या हवेत बारीक प्रवाह तयार होतात आणि तलम कण त्यांच्याबरोबर वाहत जातात, हे मायकेल फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलं. म्हणजे इथेही वारा आलाच. फक्त हा वारा कंपनानेच निर्माण केलेला आहे.

आवाजाने मेणबत्ती विझते म्हणतात, ते खरं का?

विझते. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या दोन अभियांत्रिकी विद्यार्थ्यांनी ३० ते ६० हर्ट्झच्या आवाजाने छोटी आग विझवणारं उपकरण दाखवलं होतं. पण वरचाच प्रश्न इथेही विचारा. कमी वारंवारतेला स्पीकरचा पडदा बरीच हवा पुढे-मागे हलवतो आणि तोंड अरुंद असेल तर चक्क फुंकर मारतो. मध्ये प्लास्टिकचा पडदा धरून ज्योत विझते की नुसती थरथरते ते पाहा आणि दोन्ही नोंदी द्या. प्लास्टिक ज्योतीपासून दूर, आणि मोठं माणूस जवळ हवंच.

वस्तू एका दिशेने सरकवता किंवा फिरवता येईल का?

येईल, आणि विद्यार्थ्यांच्या आवाक्यातला याचा सर्वांत सुंदर प्रयोग फार कमी जण करतात. छोट्या, हलक्या, अरुंद तोंडाच्या चार सारख्या कुप्या घ्या. हलक्या काड्यांच्या अधिक-चिन्हाच्या चार टोकांना त्या अशा बांधा, की सगळ्यांची तोंडं गोलाच्या एकाच दिशेला राहतील. मधोमध दोरा बांधून टांगा किंवा टोकदार सुईवर तोला. आता कुपीच्या तोंडावर फुंकल्यावर जो सूर येतो नेमका तोच सूर स्पीकरवर लावा. पाळणा फिरू लागतो, आणि कुप्या पाठीकडे, म्हणजे तोंडाच्या उलट दिशेला जातात.

कारण ओळखीचं आहे. फुंकर मारून ज्योत विझते, श्वास आत ओढून विझत नाही. बाहेर जाणारी हवा झोत बनून एका दिशेने जाते, आत येणारी सगळ्या बाजूंनी येते. अनुनादात कुपीच्या तोंडाशी हवा सतत आत-बाहेर करते, झोत मात्र फक्त बाहेर पडताना बनतो, आणि त्याची प्रतिक्रिया कुपीला मागे रेटते. ढकलणं-ओढणं समसमान असूनही जमाखर्च शून्य होत नाही तो असा.

सूर शोधायला सूत्र हवं असेल तर: तोंडाचं क्षेत्रफळ भागिले (आतलं आकारमान गुणिले मानेची लांबी), त्याचं वर्गमूळ, गुणिले ध्वनीचा वेग, भागिले २π. ५०० मिलिलिटरची बाटली, ३ चौरस सेंटिमीटर तोंड, ५ सेंटिमीटर मान घेतली तर सुमारे १९० हर्ट्झ येतं. प्रत्यक्षात मान हवेसाठी थोडी लांब असल्यासारखी वागते, म्हणून सूर जरा खाली सापडतो. खाली-वर १० टक्के शोधा.

दुसरा मार्ग आडव्या पारदर्शक नळीचा. ऑगस्ट कुंट यांनी १८६६ मध्ये तो वापरला. नळीत हलकी भुकटी किंवा थर्माकोलचे बारीक दाणे पसरा, एक तोंड बंद करा, दुसऱ्या तोंडाशी स्पीकर ठेवा. योग्य सूर सापडला की दाण्यांची नक्षी ठराविक अंतराने पुन्हा पुन्हा उमटते आणि ते अंतर तरंगलांबीच्या, म्हणजे एका पूर्ण लहरीच्या लांबीच्या, निम्मं असतं. १००० हर्ट्झला ते १७ सेंटिमीटरच्या आसपास भरेल. दुप्पट करा, वारंवारतेने गुणा, ध्वनीचा वेग हातात येईल. २० अंश सेल्सिअसला उत्तर ३४३ मीटर प्रति सेकंदाच्या जवळ यायला हवं. खोलीचं तापमान लिहायला विसरू नका, दर अंशाला वेग सुमारे ०.६ मीटर प्रति सेकंदाने बदलतो.

ध्वनीने वस्तू हवेत तरंगवता येते का?

येते. १९३३ मध्येच ब्यूक्स आणि म्युलर यांनी द्रवाचे थेंब असे तरंगवले होते. हल्ली ४० किलोहर्ट्झचे, अंतर मोजणाऱ्या संवेदकांत असतात तसले छोटे प्रक्षेपक, म्हणजे ध्वनी सोडणारे चिमुकले स्पीकर, समोरासमोर बसवतात. ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये ७२ प्रक्षेपकांची अशी रचना सर्वांना करता येईल अशा रीतीने खुली केली. ४० किलोहर्ट्झला तरंगलांबी ८.६ मिलिमीटर, म्हणून दर ४.३ मिलिमीटरवर दाणा अडकून बसेल अशी एक जागा. दाणा त्याहून लहान आणि हलका हवा. तीव्रता १५० डेसिबलच्या आसपास न्यावी लागते, तेव्हा कुठे तो बारीक प्रारणदाब वजन पेलतो. नववी-दहावीला पहिलाच प्रकल्प म्हणून मी हा सुचवणार नाही. जोडणी जमते, पण सगळा वेळ त्यातच जातो.

मोजायचं काय?

‘खूप नाचलं’, ‘थोडं नाचलं’ अशा नोंदी नकोत. दाण्यांच्या उडीची उंची मोजणं आकर्षक वाटतं, पण ते किचकट आहे. मागे मोजपट्टी लावून स्लो मोशन चित्रण करावं लागतं आणि दाणे गर्दी करतात. त्याऐवजी उंबरठा मोजा: प्रत्येक वारंवारतेला आवाज शून्यापासून हळूहळू वाढवा आणि पहिला दाणा ज्या पातळीला हलला ती लिहा. आलेख काढला की अनुनादाच्या जागी खोल दरी दिसते. प्रत्येक वारंवारतेला निदान पाच वेळा, दर वेळी मीठ नव्याने पसरून.

मोबाइलचं डेसिबल ॲप चालेल का?

तुलनेसाठी चालेल, खरा आकडा म्हणून नाही. प्रत्येक मोबाइलचा माइक वेगळा असतो, आणि आवाज फार मोठा किंवा सूर फार खालचा असला की तो चुकतो. एकच मोबाइल, एकच जागा, वाडग्याच्या कडेशी. आणि अहवालात हे स्पष्ट लिहा.

निर्वातात काय होईल?

ध्वनी पोचणारच नाही. रॉबर्ट बॉइलने १६६० मध्ये काचपात्रातली हवा काढून आतला आवाज मंदावतो हे दाखवलं होतं. टेबलाची थरथर मात्र निर्वातातही पायातून पोचेल.

कानांना धोका आहे का?

आहे, आणि मुलं नेमकं इथेच दुर्लक्ष करतात. ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास ही कामाच्या जागी मानली जाणारी मर्यादा. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पाव तास. वारंवारता शोधताना आवाज लहान ठेवा, सापडल्यावरच थोडा वेळ वाढवा, कानात बोळे घाला. ४० किलोहर्ट्झचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही, पण कुत्र्या-मांजरांना येतो. त्यांना खोलीबाहेर ठेवा.

काहीच हलत नाही. काय चुकलं असेल?

बहुधा स्पीकर. मोबाइलच्या स्वतःच्या स्पीकरमधून खालचे सूर जवळजवळ निघतच नाहीत, ॲपवर १०० हर्ट्झ दिसत असले तरी. मोठा स्पीकर जोडा. तो असेल तर पडदा तपासा: सुरकुती किंवा सैल कोपरा चालत नाही. मग जागा. १०० हर्ट्झची तरंगलांबी ३.४ मीटर असते, भिंतींवरून परतलेल्या लहरींमुळे खोलीत काही ठिकाणी आवाज क्षीण पडतो. वाडगा आणि स्पीकर दोन्ही मीटरभर सरकवून पाहा.

घरी छान चाललं, ऐन प्रदर्शनात मीठ हललंच नाही तर?

होतं असं. मीठ हवेतली ओल घेतं आणि दाणे चिकटतात. म्हणून कोरडं मीठ घट्ट झाकणाच्या डबीत न्या. पडदा रात्रभरात सैल पडतो, तो तिथे पोचल्यावर नव्याने ताणा. आणि घरचा आकडा घोकत बसू नका. पडद्याचा ताण कमी झाला की त्याचा सूर खाली सरकतो, तेव्हा परीक्षक समोर उभे असले तरी ५० हर्ट्झपासून पुन्हा सावकाश चढा. त्यांनाही तो शोध पाहू द्या.